चिखल्या

ऑगस्टात, म्हणजे तिथल्या हिवाळ्याच्या शेवटी, गाई व्यायला लागल्या आणि पावसानं जो ठिय्या दिला तो दिलाच. फार्म हॅमिल्टनपासून अर्ध्या तासावर, सगळी सखल जमीन. पाणी जायला वाट नव्हती. पॅडॉकच्या, म्हणजे चराईच्या कुंपणांच्या फाटकांपाशी खुरांनी असा राडा व्हायचा की पाय टाकला की गमबूट आतच रुतायचा आणि नुसता मोजा वर यायचा. मृदुलाच्या उजव्या गमबुटाला घोट्यापाशी चीर गेली होती. तिनं चिकटपट्टी लावली, पण ती दुपारपर्यंतच टिकायची. मग संध्याकाळपर्यंत आत पचपच.

त्या हंगामात माणसं कमी होती. एक कामगार ऐन वेळी सोडून दक्षिणेकडं निघून गेला आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही. मालक ग्रँट, मृदुलाचा नवरा नितीश आणि मृदुला, तिघांवर सगळा कळप. नितीश पहाटेच दूध काढायला जायचा. वासरांचं सगळं मृदुलाकडं. नुकत्या जन्मलेल्या वासरांना ट्रेलरवर घालून आणायचं, नाळेला आयोडीन लावायचं, चीक पाजायचा, हगवण लागलेलं पिल्लू वेगळं काढायचं, बादल्या धुवायच्या. पाठ सरळ करायला फुरसत नाही, तिथं पायाकडं कोण बघतो.

आधी करंगळीच्या बेचक्यात खाज सुटली. मग तिथली कातडी पांढरी फटक पडून भिजलेल्या पोह्यासारखी सुटायला लागली. चिखल्या म्हणजे काय हे तिला कुणी सांगायला नको होतं. कोपरगावला तिची आई पावसाळाभर पायाला कडू तेल लावून झोपायची. इथं गावातल्या औषधाच्या दुकानातल्या बाईनं ट्यूब दिली आणि बजावून सांगितलं. बेचकी कोरडी करून सकाळ-संध्याकाळ लावायची, आणि खाज थांबली तरी पुढं पंधरा दिवस सोडायची नाही. मोजे दुपारी बदलायचे. बुटांचे दोन जोड ठेवायचे, एक वाळेपर्यंत दुसरा घालायचा. टॉवेल आणि पायपुसणं वेगळं ठेवायचं, अंघोळीला जांडल्स, म्हणजे रबरी सपाता, घालून जायचं, नाहीतर घरात सगळ्यांना लागतं.

मृदुलानं आठवडाभर केलं. खाज थांबली, कातडी धरली आणि ट्यूब न्हाणीघराच्या खिडकीत पडून राहिली. घरात न्हाणीघर एकच, पायपुसणंही एकच, आणि ते त्या हवेत कधी वाळायचंच नाही. सगळ्यांचे मोजे एकाच ड्रायरमधून निघायचे आणि ज्याच्या हाताला जे येतील ते तो घालायचा.

घरात तिसरं माणूस म्हणजे नितीशचे वडील, बाळासाहेब. त्यांना सगळे आबा म्हणायचे. सासू गेल्या उन्हाळ्यात वारल्या. संगमनेरकडच्या त्या घरात आबा एकटेच उरले. दावणीच्या संकरित गाई विकून टाकल्या आणि मुलानं पाठवलेल्या तिकिटावर व्हिजिटर व्हिसा घेऊन आले. साखर होती, गोळ्या चालू होत्या. तळपायाला मुंग्या येतात म्हणायचे, पण ते असं बोलायचे की जणू मुंग्या दुसऱ्याच कुणाला येतात.

पहिला महिना आबा सोफ्यावर बसून होते. खिडकीतून गाई दिसायच्या, पण काच बंद. गाईंचा आवाज नाही, वास नाही. एके दिवशी मृदुला वासरांच्या शेडमध्ये दूध पाजत होती तर दाराशी आबा उभे. नितीशचे जुने गमबूट घातलेले, ते त्यांना मोठे होत होते. एक वासरू रबरी आचळ तोंडात धरेना. आबांनी त्याच्या तोंडात बोट घातलं आणि तसेच वाकून उभे राहिले. त्या दिवशी जेवताना ते आपण होऊन बोलले.

नितीशला ते आवडलं नाही. व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही आणि आपली रेसिडेन्सी अडकलेली आहे, हे त्यानं दोन-दोनदा समजावलं. ग्रँटनं मात्र पाहून नुसता अंगठा वर केला. आबा म्हणाले, काम कुठं करतो, वासरांपाशी उभा राहतो. मग ते रोज उभे राहायला लागले. सकाळी ओले मोजे घालून जायचे, संध्याकाळी ओलेच काढायचे. मृदुलाला त्यांचा हातभार लागत होता, म्हणून तीही काही बोलली नाही.

गणपती त्याच दिवसांत आले. हॅमिल्टनला चारुदत्त नावाचा पुण्याचा इंजिनियर होता. त्याच्या घरी दरवर्षी गणपती बसायचा. दोन धारांच्या मधल्या वेळात तिघं आरतीला गेले. नवीन घर, भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरट गालिचा. दाराबाहेर चपला-बुटांची रांग. सगळ्यांनी मोजेही काढून ठेवले, आबांनी नाही. चारुदत्तच्या बायकोनं, संपदानं, दोनदा म्हटलं, आबा, पाय मोकळे करा ना, हीटर लावलाय. आबा हसून नको म्हणाले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाय खुर्चीखाली ओढून बसले.

आरतीनंतर पोरं वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला लागली. एकेक जण आबांपुढं वाकायचा आणि आबा पाय मागं घ्यायचे. राहू दे, राहू दे म्हणायचे. मृदुला वाकली तेव्हा तिला वास आला. वासरांच्या शेडमधला नव्हे. हा वास तिला स्वतःच्या पायांवरून ओळखीचा होता. आबा उठले तेव्हा खुर्चीखाली गालिच्यावर डाव्या पायाचा ओला पिवळसर डाग उमटला होता. संपदानं तो पाहिला आणि दुसरीकडं बघत प्रसादाची वाटी पुढं केली. तिनं काही बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं, असं मृदुलाला वाटलं.

घरी आल्यावर मृदुला म्हणाली, "आबा, पाय बघू द्या."

"सुनेनं बघायचे पाय आहेत का ते?" आबा म्हणाले आणि खोलीत गेले.

शेवटी नितीशनं बघितले. बाहेर येऊन म्हणाला, चिखल्याच आहेत, बाकी काही नाही. गावाहून आणलेली कसलीशी ट्यूब लावत होते. ती लावली की खाज चटकन थांबायची, म्हणून महिनाभर लावली. खाज थांबायची पण चिखल्या आतून पसरत गेल्या, पार तळव्यापर्यंत. आता ती ट्यूबही संपली होती. आपण डॉक्टरला दाखवू, साखर आहे, असं मृदुला म्हणाली. नितीश म्हणाला, गाई आटपू दे, पुढच्या आठवड्यात नेऊ. खिडकीतली ट्यूब तिनं आबांच्या हातात दिली. वेगळा टॉवेल दिला, पायपुसणं वेगळं केलं, मोज्यांवर लाल दोऱ्याची खूण घातली. जे महिनाभरापूर्वी करायला हवं होतं ते सगळं केलं. आणि शेडमध्ये यायचं नाही, गमबूट घालायचे नाहीत असं नितीशनं आबांना बजावलं. आबा पुन्हा सोफ्यावर बसले.

पुढचा आठवडा आला आणि गेला. पावसानं गाईंच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचा मुरूम वाहून गेला, खडे उघडे पडले. गाई लंगडायला लागल्या. रोज दोन-चार मागं राहायच्या. ग्रँट आणि नितीश खुरं कापून, खुराखाली लाकडी ठोकळे चिकटवून थकले. मग ग्रँटनं धारेच्या शेडबाहेर निघायच्या वाटेवर सिमेंटच्या उथळ हौदात औषधाचं निळं पाणी केलं. धार झाली की प्रत्येक गाय त्यातून चालत बाहेर पडायची. खिडकीतून आबांना ते दिसायचं. जेवताना त्यांनी विचारलं, मोरचूद आहे का? नितीश हो म्हणाला. आपणही खुरकुतीला मोरचुदाचंच पाणी करायचो, असं आबा म्हणाले. इतक्यावर ते बोलणं संपलं. मृदुला तेव्हा भाकरी थापत होती. तिनं ऐकलं आणि सोडून दिलं.

एके दिवशी संध्याकाळची धार आटपून नितीश गाई पॅडॉकला सोडायला गेला होता. पाऊस थोडा उघडला होता. मृदुला बादल्या धुवायला शेडमागच्या नळाकडं आली आणि तिनं पाहिलं, आबा हौदात उभे होते. विजार गुडघ्यापर्यंत वर केलेली, एक हात लोखंडी कठड्यावर. अनवाणी. पाणी आता निळं राहिलं नव्हतं. सगळा कळप त्यातून गेला होता, शेणानं ते हिरवं-काळं झालं होतं. आबा त्यात स्वस्थ उभे होते, जसं कुणी गोदावरीत उभं राहावं.

ती बादली टाकून धावली. त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं, सिमेंटवर बसवलं आणि नळाची पाइप पायांवर धरली. तेव्हा पहिल्यांदा तिनं ते पाय पाहिले. उजवा लाल होता, सोललेला. डाव्या पायाची करंगळी आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये कातडी उरलीच नव्हती. तिथं खोल भेग होती, कडा निळसर करपलेल्या, आणि भेगेत शेण बसलं होतं. वरचा पाय घोट्यापर्यंत फुगून चकचकीत झाला होता.

"कधीपासून, आबा?"

"झाले चार-पाच दिवस. गाईंची खुरं भरून येतात ना त्यानं."

"आग होत नाही का?"

"नाही गं." आबांच्या बोलण्यात समाधान होतं. "जराही नाही. त्यावरनंच म्हटलं, गुण येतोय."

पाइप तिच्या हातात वाकडी झाली आणि पाणी दोघांच्या अंगावर उडालं. तिनं पुन्हा नीट धरली. बेचक्यातलं शेण बोटानं काढत राहिली. आबांनी या वेळी पाय मागं घेतला नाही. तिचं बोट तिथं लागलेलं त्यांना कळतच नव्हतं.

आताच जाऊ या म्हणून ती नितीशच्या मागं लागली. तो म्हणाला, पहाटेची धार झाली की लगेच निघू. ग्रँट एकटा कसा करणार? त्यानं तर तोंडही धुतलं नव्हतं, उभ्याउभ्या डोळे मिटत होते. तिनं त्याला निजू दिलं. पहाटे ती वासरांना पाजून आली तेव्हा आबा थंडीनं कुडकुडत होते आणि नितीशला त्याच्या लहानपणच्या नावानं हाक मारत होते. लाल रेघ पोटरीवरून गुडघ्याकडं चढली होती.

हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला, दाबला, बारीक तारेनं तळव्याला ठिकठिकाणी टोचून विचारलं. आबांनी एकदाही हूं केलं नाही. मग त्यांनी विचारलं, यांनी यावर काय लावलं होतं?

नितीश म्हणाला, घरगुती काहीतरी, जडीबुटीसारखं, मलाही नक्की माहीत नाही.

डॉक्टरीणबाई मृदुलाकडं बघत राहिल्या. नितीशनं मराठीत हलकेच म्हटलं, "शेडचं नाव काढू नको." तो घाबरला होता हे तिला दिसत होतं. इतकी वर्षं पहाटे उठून जे जमवलं ते या एका पायाखाली जाईल अशी त्याची समजूत झाली होती. ती समजूत खोटी आहे असंही तिला छातीठोक सांगता येत नव्हतं. पण आबांच्या कपाळावर हात ठेवला तर तो भाजत होता.

तिनं इंग्रजीत सगळं सांगितलं. गाईंच्या खुरांसाठीचं पाणी, त्यातला मोरचूद, त्यात मिसळलेलं शेण, किती दिवस, किती वेळ. तिचं इंग्रजी अडखळत होतं तरी डॉक्टरीणबाईंनी मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून त्या फक्त आभार म्हणाल्या, हे कळल्यामुळं औषध बदलावं लागेल म्हणाल्या आणि भराभर बाहेर गेल्या. व्हिसाचं कुणी विचारलं नाही. पुढंही कुणी विचारलं नाही. नितीश मात्र खिडकीकडं तोंड करून उभा राहिला तो संध्याकाळच्या धारेची वेळ झाल्यावर निघून गेला.

चिखल्या मामुली असतात, असं मोठे डॉक्टर दुसऱ्या दिवशी म्हणाले. वेळेवर कोरडं ठेवलं, मलम पुरतं लावलं तर कुणाचं काही बिघडत नाही. पण साखरेच्या पायाला तेवढी फट पुरते. त्या फटीतून विष हाडापर्यंत गेलं होतं. दोन बोटं आणि त्यांच्या मागचं हाड काढावं लागलं. काही दिवसांनी तिसरंही काळं पडलं, तेही काढलं.

मृदुला वासरांतून वेळ काढून यायची. अंगाला दुधाचा आंबूस वास तसाच. एकदा तिनं आबांना सांगून टाकलं की चिखल्या आधी मला झाल्या होत्या, मी औषध अर्धवट सोडलं, माझ्यामुळंच तुम्हाला लागल्या.

आबांनी पांघरूण गुडघ्यांवर ओढून घेतलं. मग म्हणाले, "नितीशला सांगू नको हे. तुमच्यात आणखी वाकडं यायला नको."

तिला वाटलं होतं की ते रागावतील, किंवा असू दे म्हणतील. त्यांनी दोन्हीतलं काहीच केलं नाही.

आबा घरी आले तेव्हा हंगाम ओसरला होता. ग्रँट भेटायला आला, सोबत बायकोनं केलेला केक घेऊन. दारातच उभा राहिला. वाईट वाटलं म्हणाला आणि ते खरंच असावं. मग नितीशला बाहेर नेऊन सांगितलं की म्हाताऱ्याला यापुढं फाटकाच्या आत पाहायचं नाही, त्यालाही सरकारी तपासणीची धास्ती आहे. आणि पुढच्या जूनपासून आपण दुसरी माणसं बघतोय. हौदाला त्यानं दोन्ही बाजूंनी साखळी लावली. गाईंपुरती ती रोज काढायचा आणि पुन्हा लावायचा.

नितीश मृदुलाशी कामापुरतं बोलायचा. दूध किती, वासरं किती, मीठ संपलंय. एकदाच म्हणाला, "गप्प बसली असतीस तरी बोटं गेलीच असती ना?" ती म्हणाली, "कदाचित पायच गेला असता." त्यावर त्यानं मान हलवली. पण तो तिच्याकडं बघत नव्हता.

आबांनी परत जायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे व्हिसा संपत आला होता आणि तो वाढवायचा विषय कुणी काढला नाही. जायच्या आधीच्या दिवसांत मृदुलानं त्यांना शिकवलं. पाय धुतला की जुन्या सुती साडीची पट्टी प्रत्येक बेचक्यातून ओढायची. जमिनीवर आरसा ठेवून तळवा बघायचा. अनवाणी फिरायचं नाही, गोठ्यात तर नाहीच. मोजे रोज उन्हात वाळवायचे. कुठं पांढरं, ओलं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. आबा हो म्हणायचे आणि प्रयत्न करायचे. पण कंबर वाकायची नाही. हात गुडघ्याच्या खाली जेमतेम पोचायचा. पट्टी बोटांत अडकवायलाच तिला खाली बसावं लागायचं. आरशात बघून ते म्हणायचे, दिसतंय. काय दिसतंय विचारलं तर म्हणायचे, पाय. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता.

विमानतळावर त्यांना व्हीलचेअरवर बसवून एक मुलगी आत घेऊन गेली. आबांनी वळून बघितलं नाही. मान वळवायला त्यांना त्रास होतो, असं नितीश म्हणाला.

जूनमध्ये दोघं टौरंगाच्या बाजूला दुसऱ्या फार्मवर गेले. तिथली जमीन उंच, निचऱ्याची. मृदुलानं नवे गमबूट घेतले, दोन जोड. रोज रात्री बेचकी पुसायची, मलम लावायची. काही झालेलं नसलं तरी लावायची. तिचे पाय आता लहान पोराच्या पायांसारखे स्वच्छ होते. ते बघितले की ती पटकन मोजे चढवायची.

रविवारी दोन धारांच्या मधल्या वेळात ती आबांना फोन लावायची. संगमनेरकडं तेव्हा सकाळ असायची. पाऊस तिकडं सुरू झाला होता. शेजारचा गणेश येऊन-जाऊन असतो, भाजी आणून देतो, असं आबा सांगायचे. पायाचं विचारलं की बरंय म्हणायचे. एकदा मात्र ती म्हणाली की बरंय नको, मला दाखवा. उजवा. त्याची बोटं फाकवून दाखवा.

"गणेश आला की दाखवतो."

"आता दाखवा, आबा."

फोनवर आढं दिसलं, मग भिंत, मग दारातला चिखल. आबांचा श्वास ऐकू येत होता. ते वाकत होते. एक कण्हणं आलं आणि पडद्यावर पाय आला, उजवा, नखं वाढलेली. बोटं एकमेकांना चिकटलेली. ती म्हणाली, जवळ धरा, बेचकं उघडा. आबांच्या हाताचा अंगठा पायाच्या करंगळीपर्यंत पोचायला धडपडत होता. पोचला. करंगळी थोडी बाजूला झाली आणि तिथं काहीतरी पांढरं दिसलं. तेवढ्यात चित्र थिजलं.

"आबा? आबा, ऐकू येतंय का?"

आवाज गेला होता. पडद्यावर तो पाय तसाच राहिला. तिनं फोन डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, उजेडाकडं वळवला. पांढरं म्हणजे कातडी होती, की दारातून आलेला उजेड, की पुसायचं राहून गेलेलं साबणाचं पाणी, काही कळत नव्हतं. बाहेर नितीशनं ट्रॅक्टर सुरू केला आणि तिला हाक मारली. गाई शेडकडं यायला लागल्या होत्या. ती उठली नाही. पडदा काळा पडेपर्यंत ती त्या बेचक्याकडं बघत राहिली. मग तिनं पुन्हा फोन लावला. रिंग जात होती. पलीकडून कुणी उचलत नव्हतं.